रात्री दहानंतरचं रक्त

"तपासणीला रात्री दहानंतर या," असं आरोग्यसेविका म्हणाली तेव्हा मला थट्टाच वाटली. रक्ताला कसली आली रात्र? पण हत्तीरोगाच्या जंतांना असते. त्यांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, हा रोग पसरवणारे क्युलेक्स डास चावायच्या वेळेला, अंगभर फिरायला निघतात. दिवसाच्या नमुन्यात ती बहुधा सापडतच नाहीत.

माझी तक्रार एवढीच, की संध्याकाळी डावा पाय जड व्हायचा, चपलेचा पट्टा रुतायचा आणि सकाळपर्यंत सूज उतरायची. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतलं. जंतू निघाले.

इथे एक कबुली द्यायला हवी. हत्तीरोग टाळायच्या गोळ्या दरवर्षी घरी येत होत्या. उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत, हा नियम माझ्या पथ्यावर पडायचा. "जेवल्यावर घेतो," म्हणायचो आणि फेकून द्यायचो. मला काय झालंय? पण मोठे जंत लसीकावाहिन्यांत, म्हणजे अंगातला पाणेरी द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत, पाच-सात वर्षं मुकाट राहतात आणि लागण पुष्कळदा लहानपणीच होते, हे तेव्हा कोणाला माहीत!

मग उपचार सुरू झाला: डीईसी या हत्तीरोगावरच्या औषधाची 100 मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून तीनदा, जेवणानंतर, 12 दिवस. पहिल्याच रात्री ताप चढला, डोकं फुटायला आलं, उलटी झाली. दुसऱ्या दिवशी मी गोळ्या बंद करणार होतो. सेविका म्हणाली, "जंतू मरताहेत म्हणून ताप आलाय. ज्यांच्या रक्तात ते नसतात, त्यांना बहुतेक काहीच होत नाही." म्हणजे ज्या तापाला घाबरून लोक औषधाला विष म्हणतात, तो औषध लागू पडल्याचा ताप! पॅरासिटामॉल घेतली, तिसऱ्या दिवशी उतरला. पुढे जांघेत दुखरी गाठ आली. तिथला मोठा जंत मेला असावा, असं दवाखान्यात म्हणाले. आठवड्याने तीही बसली.

पाय मात्र पहिल्यासारखा झाला नाही. आता तो रोज साबणाने धुतो, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतो, रात्री उशीवर उंच ठेवतो. भेगांतून जीवाणू शिरले की पाय लाल होऊन थंडीताप येतो आणि अशा प्रत्येक फेरीनंतर सूज वाढते. हे काम कंटाळवाणं आहे, पण गोळीने होणारं नाही.

यंदा गोळ्यांच्या वाटपात डीईसी आणि अल्बेंडाझोलबरोबर आयव्हरमेक्टिन हे तिसरं जंतांवरचं औषधही होतं. ही तिहेरी मात्रा जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सुचवली. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या किती, ते उंचीवर ठरतं, म्हणून सगळे खुणांच्या काठीशेजारी उभे राहिले. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि फार आजारी माणसं सोडून सगळ्यांना गोळ्या; पाच वर्षांखालच्यांना मात्र आयव्हरमेक्टिन नाही. मी सेविकेसमोरच गिळल्या.

माझ्या मागचा शेजारी म्हणाला, "जेवल्यावर घेतो."

"मग जेव," मी म्हटलं, "तोवर मी इथेच बसतो."