अर्ध्या तासाची मेंदी

सोमवारी सकाळी ओपीडी उघडली तेव्हा बाकावर एक काकू पदराने तोंड झाकून बसल्या होत्या. आत आल्यावर पदर काढला. डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या, कपाळ फुगलेलं, कानाच्या पाळ्या लालभडक आणि केसांच्या कडेने बारीक फोडांतून पाणी पाझरतंय.

"काहीतरी चावलंय बघा," सून म्हणाली. "आग्यामाशी असंल."

माशी अशी केसांची कड धरून चावत नाही. मी विचारलं, "काकू, डाय लावता का?"

"छे हो मॅडम! जन्मात नाही लावला. मी आपली मेंदीच लावते."

या उत्तराला मी एकदा फसले आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्याच वर्षी असाच चेहरा घेऊन आलेल्या बाईंची अंडी आणि वांगी बंद करून मी त्यांना घरी पाठवलं होतं. दोन महिन्यांनी त्या तशाच सुजून परत आल्या. आपल्याकडे मेंदी ही डायमध्ये धरतच नाहीत, हे तेव्हा कळलं. म्हणून आता पुढचा प्रश्न ठरलेला आहे.

"किती वेळ ठेवली?"

"अर्धा तास. पुतण्याचं लग्न होतं काल, वेळ कुठे होता? शुक्रवारी संध्याकाळी लावली."

"आणि रंग?"

"काळाभोर बसला की!"

झालं निदान. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या केराटिन या प्रथिनाला हळूहळू धरतं, त्याला दोन-तीन तास लागतात, आणि पांढऱ्या केसावर रंग येतो तो तांबूस-नारिंगी. लोखंडी कढईत रात्रभर भिजवा, चहाचं पाणी घाला, कात घाला, फार तर तपकिरीकडे झुकेल. काळाच हवा तर मेंदी धुऊन वर निळीच्या पानांची पूड लावून पुन्हा बसावं लागतं. अर्ध्या तासात कोळशासारखं काळं करणारं पान अजून उगवायचंय.

सुनेने घरी फोन करून पाकिटाचा फोटो मागवला. पुढे हिरवीगार पानं आणि 'काळी मेंदी' अशी ठसठशीत अक्षरं. मागे, चिकटवलेल्या घडीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरांत पॅराफेनिलिनडायअमाइन, म्हणजे पीपीडी. नेहमीच्या डायमध्ये असतं तेच रसायन. त्याखाली आधी थोडं लावून तपासा, भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपणा येऊ शकतो, अशी सूचनाही होती. मला चष्मा लावून फोटो मोठा करावा लागला. काकूंनी ती कधी वाचावी?

"पण गेल्या दिवाळीत हीच लावली होती, तेव्हा नाही काही झालं." मग थोडं थांबून, "कानामागं जरा खाजलं होतं."

अशी ही पीपीडीची अ‍ॅलर्जी. पहिल्या एक-दोन वेळा शरीर नुसतं ओळख करून घेतं, एकदा बिनसलं की मग दर वेळी बिनसतं. तेही लगेच नाही, एक ते तीन दिवसांनी. त्यामुळे लोक लग्नातल्या जेवणाला बोल लावतात. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि मलम दिलं. सूज आठवड्यात उतरली.

गोळ्या बंद होऊन महिना झाल्यावर, अ‍ॅलर्जी नेमकी कशाची ते बघायला पॅच टेस्ट केली. पाठीवर एका चौकोनात व्हॅसलीनमधलं एक टक्का पीपीडी, शेजारी त्यांच्याच परसातल्या मेंदीची पूड. पाठ भिजवायची नाही म्हणून काकू फार वैतागल्या. ४८ तासांनी पट्ट्या काढल्या, ९६ तासांनी पुन्हा पाहिलं. पीपीडीचा चौकोन लाल, फुगलेला, वर बारीक फोड. मेंदीच्या जागी काही नाही.

"म्हणजे घरची चालंल?"

चालेल म्हटलं. साध्या मेंदीची अ‍ॅलर्जी क्वचितच दिसते. मात्र सून तेवढ्यात बारशाला बाळाच्या तळपायांना मेंदी लावायचं बोलली, तिला मी ठाम नाही म्हटलं. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची उणीव असलेल्या बाळात लॉसोन कातडीतून रक्तात जाऊन तांबड्या पेशी फोडतं, कावीळ होते. आणि उणीव आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही.

काकूंचं लक्ष नव्हतं. त्या मान वळवून पाठ बघायचा प्रयत्न करत होत्या. "त्या लाल चौकोनाचा फोटो काढून द्या मॅडम. जावेला पाठवते. पाकीट तिनंच आणलं होतं."