बंगले सोडले, गल्ल्यांत शिरलो: आमची वाटचाल

धंदा सुरू केला तेव्हा आमच्याकडे भाड्याची एक सतरा सीटर गाडी होती आणि नट-नट्यांच्या चौदा बंगल्यांची यादी. गावाकडून मुंबई बघायला आलेल्या माणसाला बांद्र्यात आणखी काय दाखवायचं, असंच मला तेव्हा वाटायचं. बँडस्टँडला 'मन्नत'समोर गाडी थांबवायची, लोकांनी फाटकाचे फोटो काढायचे, कार्टर रोडला वारा खायचा, लिंकिंग रोडला चपलांची घासाघीस करायची, की झाली सहल. पहिली दोन वर्षं त्यावर निघाली. निघाली म्हणजे डिझेल सुटलं, इतकंच. एका शनिवारी गाडी हिल रोडला पाऊण तास अडकली, तेव्हा मागच्या सीटवरच्या आजोबांनी विचारलं, "चालत गेलो असतो तर?"

त्या प्रश्नाने डोळे उघडले असं सांगायला छान वाटेल, पण तसं काही झालं नाही. झालं असं, की ऐन दिवाळीच्या सुट्टीत गाडीवाल्याने आगाऊ पैसे घेतले आणि फोन बंद केला. वांद्रे स्टेशनाबाहेर अकरा माणसं उभी आणि गाडीचा पत्ता नाही. बायको म्हणाली, "चला, चालतच नेऊ."

हिल रोडने सेंट अँड्र्यूज चर्चपर्यंत गेलो. हे चर्च 1575 चं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचं. तिथून रनवार या जुन्या गावठाणात शिरलो. कौलारू घरं, बाहेरून लाकडी जिने, कोपऱ्यावर क्रूस. असे बरेच क्रूस 1896 च्या प्लेगच्या वेळी नवसाने उभे राहिले. एका ओट्यावर फ्रॉक घातलेल्या आजी बसल्या होत्या. आमच्यातल्या साताऱ्याच्या मावशींनी त्यांच्याकडे मोडक्या हिंदीत पाणी मागितलं. उत्तर आलं मराठीत. जरा आगरी-कोळी वळणाची, पण मराठीच. मावशींनी तांब्या हातात घेतला आणि प्यायच्या विसरल्या.

आजी ईस्ट इंडियन. मूळ इथलेच लोक, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले. गोव्याहून आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे ओळखू यावं म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, 1887 साली, त्यांनी हे नाव घेतलं. त्यामुळे नाव इंग्रजी आणि शिव्या मराठी, असं आजीच हसत म्हणाल्या. मग त्यांनी आतून बियरची तपकिरी बाटली आणली. झाकण उघडताच अख्ख्या गल्लीला ठसका. तो बॉटल मसाला! मे महिन्यात मिरच्या नि बाकीचा मसाला उन्हात वाळवून, भाजून, कुटून बाटलीत काठीने ठासायचा. तपकिरी काचेमुळे त्याला उजेड लागत नाही. त्या दिवशी 'मन्नत' बघायची आठवण एकालाही झाली नाही.

पुढच्या महिन्यात गाडीचा करार मोडला आणि बंगल्यांची यादी फाडली.

चुका नंतरही केल्या. एकदा तीस जणांचा घोळका रनवारमध्ये नेला, हातात माइक घेऊन. रविवारची सकाळ. वरच्या मजल्यावरून जे ऐकावं लागलं ते योग्यच होतं. लोक तिथे राहतात, ते काही प्रदर्शन नव्हे. आता बाराच्या वर माणूस घेत नाही, आणि माइक माळ्यावर आहे.

लोकांना सर्वांत जास्त आवडते ती माहीमच्या कॉजवेची गोष्ट. पूर्वी माहीम आणि वांद्र्याच्या मधली खाडी होडीने ओलांडावी लागे. सरकार हात आखडतं घेत होतं, तेव्हा लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी 1 लाख 57 हजार रुपये दिले आणि 1845 मध्ये रस्ता खुला झाला. अट एकच: टोल घ्यायचा नाही. हे मी वांद्र्याच्या किल्ल्यावर उभा राहून सांगतो, कारण समोर 2009 चा टोलवाला सी लिंक दिसतो. पुढचं मला बोलावं लागत नाही.

हा किल्ला पोर्तुगीजांचा, 1640 चा. "आपण घेतला होता का?" हे हमखास विचारलं जातं. मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणूनच तो आधी पाडून ठेवला, हे ऐकून मंडळी खूश होतात.

तिथून मोत माउली जवळच. माउंट मेरी चर्चला कोळी-आगरी लोक असंच म्हणतात. बाहेर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला असतात. जे हवं ते वाहायचं. आमच्या एका पाहुण्याने मेणाचं घर घेतलं आणि पिंपरीच्या फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर पेढे घेऊन आला. सप्टेंबरातल्या जत्रेच्या आठवड्यात मात्र फेरी बंद. त्या गर्दीत वाटाड्या कशाला हवा?

सध्या शनिवार-रविवार मिळून चार फेऱ्या होतात. त्याच आजींच्या सुनेकडून मे महिन्यात मसालाही घेतो, पण तिची अट आहे, रिकाम्या बाटल्या आम्ही पुरवायच्या. म्हणून मार्चपासून आमच्या डोंबिवलीच्या बाल्कनीत बियरच्या बाटल्यांची रांग लागते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी अजून काही विचारलेलं नाही, फक्त हल्ली लिफ्टमध्ये माझ्या तब्येतीची चौकशी करतात.