एका नावाचे तिघे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीला मुख्य कार्यकारी अधिकारी हवा होता. मुलाखती होऊन एक नाव जवळजवळ ठरलं आणि त्या गृहस्थांची नेमणुकीआधीची चौकशी माझ्याकडे आली. त्यांचं सही केलेलं संमतिपत्र हातात आल्यावरच मी सुरुवात केली.

पहिले कागद पटापट जुळले. पदवी 1996 ची, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची. बेळगावचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ 1998 साली निघालं, त्यामुळे त्याआधीच्या पदवीवर त्याचं नाव दिसलं की मी थांबते. इथे तसं काही नव्हतं. पीएफच्या नोंदींतल्या तारखा बायोडेटाशी जुळल्या. ज्या कंपनीने सलग तीन वर्षं हिशेब किंवा वार्षिक विवरणं भरली नाहीत, तिच्या संचालकाला कंपनी कायद्याच्या कलम 164 खाली पाच वर्षं दुसरीकडे संचालक होता येत नाही. तेही पाहिलं, स्वच्छ होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ई-कोर्टवर, म्हणजे कोर्टातले खटले दाखवणाऱ्या सरकारी वेबसाइटवर, नाव घातलं आणि खानापूरचा एक खटला वर आला. कलम 138, चेक न वटल्याचा. आरोपीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही तीच. कंपनीतून सारखे फोन येत होते. मी मेल टाकला: ‘एक फौजदारी प्रकरण आढळले आहे, खातरजमा सुरू आहे.’

सोमवारी खानापूर गाठलं. ओळखीच्या वकिलांकडून तक्रारीची प्रत पाहायला मिळाली. कानडीत होती. आमच्या भागात माणूस घरात मराठी बोलतो आणि सरकारी कागदांवर कानडीत उतरतो. मधल्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर एकाच आडनावाची चार रूपं होतात. नावापुढे ‘तंदे’, म्हणजे वडील. पुढे ‘वयस्सु’: 38. खटला 2019 चा. माझे उमेदवार त्या वर्षी 45 चे होते. पण तक्रारीत वय पुष्कळदा अंदाजाने घालतात, एवढ्यावर कुणाला सोडवता येत नाही आणि अडकवताही येत नाही. धंदा लिहिला होता शेती, आणि पत्त्यात उमेदवारांचंच गाव व एक घर नंबर होता.

म्हणून गावात गेले. खटल्याचा शब्दही तोंडातून काढला नाही. तो निघाला असता तर संध्याकाळपर्यंत गावभर झाला असता. पंचायतीजवळ कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना फक्त नाव सांगून घर विचारलं.

‘‘कुठला पायजे तुमास्नी? ह्या नावाचे तिघं हाईत की. वरल्या गल्लीचा, मळ्यातला, आनि देवळामागचा. देवळामागचा इंजिनेर, तो आता भाईर असतोय.’’

पंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत तो घर नंबर मळ्यातल्या घराचा निघाला. देवळामागच्या घराचा नंबर निराळा होता.

स्टँडवरूनच कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाई जरा थांबून म्हणाल्या, ‘‘ताई, सकाळीच दुसऱ्यांना ऑफर लेटर गेलं. तुमचा मेल संचालकांनी शनिवारी वाचला.’’

‘खातरजमा सुरू आहे’ हे कुणी वाचलंच नव्हतं. ‘फौजदारी’ तेवढं वाचलं होतं. तो शब्द माझा होता. रात्री बसून मी पूर्ण अहवाल लिहिला, घर नंबरासकट, आणि कंपनीने तो उमेदवारांना द्यावा असं लेखी कळवलं.

त्यांचा नंबर संमतिपत्रावर होताच. दुसऱ्या दिवशी फोन केला, झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग ते म्हणाले, ‘‘मॅडम, शुक्रवारीच मला विचारलं असतंत, तर ते घर कुणाचं ते तिथल्या तिथं सांगितलं असतं.’’