कोझुमेलमधलं पंक्चर

जहाजावर सायकल घेतली असं आप्पांना फोनवर सांगितलं, तर पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, "पाण्यावर चालवतोस का काय?"

मी रावेर तालुक्यातला. आमच्याकडे पोराला पोहता येवो न येवो, सायकलवर कैची मारता आलीच पाहिजे. तरी क्रूझवर असिस्टंट वेटर म्हणून लागलो तेव्हा तिथे सायकल ठेवता येते हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला एक फिलिपिनो स्वयंपाकी घरी निघाला होता. त्याच्याकडून २० इंची चाकांची घडीची सायकल ८० डॉलरला घेतली.

केबिन दोघांत एक, त्यामुळे सायकल तिथे ठेवायचा प्रश्नच नव्हता. आमच्या जहाजावर सिक्युरिटीची लेखी परवानगी लागे. सायकलला नंबरची चिठ्ठी बांधायची आणि ती जाळीच्या खोलीत कुलूप लावून ठेवायची. बॅटरीची सायकल अजिबात नाही, आगीची भीती. परत येताना चाकं पुसायची आणि सायकल हातात उचलून गँगवे, म्हणजे धक्क्यावरून जहाजात जायचा जिना, चढायचा. ती एक्स-रे मशीनमध्ये बसत नसे, म्हणून सिक्युरिटीवाला सीट उपसून नळीत टॉर्च मारून बघे.

एवढा खटाटोप चार-पाच तासांसाठी. बंदरात सगळ्यांना उतरता येत नाही, आग लागली किंवा काही झालं तर माणसं हवीत म्हणून ठरावीक लोक पाळीने जहाजावर थांबतात. उरलेले धक्क्याजवळ वायफाय शोधत बसतात. टॅक्सी परवडत नाही. सायकल मात्र हातात असली की तेवढ्याच वेळात अख्खं बेट मावतं.

कोझुमेल हे मेक्सिकोचं बेट, साधारण ४८ किलोमीटर लांब आणि १६ रुंद. जुलैचा महिना होता, जहाज मायामीहून आलेलं. नाश्त्याची पाळी संपवून मी जहाजाच्या घड्याळात १०.२० ला उतरलो. क्रूने साडेतीनपर्यंत परत यायचं होतं. दक्षिणेकडून वळसा घालून पूर्व किनारा गाठला. त्या बाजूला विजेचे खांबच नाहीत. एका अंगाला झुडपं, दुसऱ्या अंगाला फेसाळता समुद्र, मधेच एखादी टपरी. ऊन आपल्या भुसावळसारखं कोरडं नाही, अंगाला चिकटून बसणारं. वारा सारखा समुद्राकडून येत होता.

तिथे पुढचं चाक बसलं.

घाबरलो नाही. पाना, पट्टी, सोल्यूशन, छोटा पंप पिशवीत होता. आप्पांनी शिकवलंय, ट्यूब पाण्यात धर, बुडबुडा स्वतः सांगतो कुठे आहे ते. इथे घमेलं कुठलं आणणार? मनगटावरचं घड्याळ काढून पिशवीत टाकलं आणि ट्यूब सरळ समुद्रात बुडवली. लाट येई, बुडबुडा लपे. पाचव्या-सहाव्या खेपेला सापडला.

पट्टी लावून मोबाइल पाहिला. १२.५०. भरपूर वेळ. टपरीत केळीची फणी टांगलेली होती, आणि रावेरच्या माणसाला केळी दिसली की तो बोलल्याशिवाय राहत नाही. टपरीवाल्या बाईला स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं. मी खुणांनी सांगत होतो की आमच्याकडे घड असा एवढा असतो, आमच्या जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. तिला काय कळलं देव जाणे, पण दोन केळी फुकट मिळाली. गोडीला आपली सरस, हे तिला सांगितलं नाही.

निघताना घड्याळ मनगटावर चढवलं. २.०५. मोबाइलवर १.०५.

पोटात खड्डा पडला. कोझुमेल ज्या राज्यात येतं, त्याने २०१५ पासून स्वतःची वेळ बदललीय आणि ते उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. मायामीत करतात. जहाज मायामीच्या वेळेवर चालतं, मोबाइल मात्र आपणहून बेटाचा होतो. पहिल्या दिवसापासून बजावलेलं असतं, जहाजाचं घड्याळ सोडून कशावर विश्वास ठेवू नका. मी ते घड्याळच पिशवीत टाकून केळीवर व्याख्यान देत बसलो होतो. जहाज चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चाने जायचं, आणि नोकरी राहीलच असं नाही.

तिथून बेटाच्या मधून सॅन मिगेल गावाकडे जाणारा सरळ रस्ता पंधराएक किलोमीटर, आणि गावातून धक्का आणखी चार-पाच. नशीब एवढंच की वारा आता पाठीशी होता. इतकी सायकल मी फैजपूरला कॉलेजात असतानाही मारली नसेल. दर मिनिटाला पुढचं चाक चाचपत होतो. मधे एकदा चेन उतरली, ती दोन्ही हातांनी चढवली. गँगवेवर पोचलो तेव्हा ३.२४ झाले होते. सिक्युरिटीवाल्याने शांतपणे सीट उपसली, नळीत टॉर्च मारला.

खरी पंचाईत पुढे होती. साडेपाचला डिनर, आणि त्याआधी हेड वेटर प्रत्येकाची नखं बघतो. माझी दहाही नखं चेनच्या ग्रीसने काळी. साबणाने काही होईना. केळीच्या चिकाने हात काळे झाले की आप्पा तेल चोळतात, ते आठवलं. गॅलीतल्या, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या, मित्राकडून वाटीभर तेल आणि मूठभर साखर मागून आणली आणि केबिनच्या बेसिनपाशी अर्धा तास हात चोळत उभा राहिलो.

हेड वेटरने हात उलटसुलट करून पाहिले आणि पुढच्याकडे वळला.

दुसऱ्या दिवशी जाळीच्या खोलीत डोकावलो, तर पुढचं चाक पुन्हा बसलेलं.