मेसन बेचा किवी आणि त्याआधीचा चिखल

मेसन बेची वाट सपाट आहे एवढे खरे. ती सोपी आहे असे सांगणाऱ्याने ती पावसानंतर चालून पाहिलेली नसावी. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाखाली, फोवो सामुद्रधुनीपलीकडे स्ट्युअर्ट बेट आहे. तिथले मूळ रहिवासी माओरी लोक त्याला राकिउरा म्हणतात. मेसन बे हा त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरचा उपसागर. तिथे मोकळ्या रानातला किवी हा न उडणारा पक्षी पाहायला जाणाऱ्यांसाठी हा वृत्तांत आहे. पाठीवर सॅक घेऊन दिवसभर चालण्याची सवय, मुरलेले बूट, गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंतचे आवरण) आणि खरोखर पाणी न झिरपणारा रेनकोट वाचकांकडे आहे, हे गृहीत धरले आहे.

इतक्या दूर जाण्याचे कारण साधे आहे. न्यूझीलंडमध्ये वटवाघळे सोडली तर जमिनीवर राहणारा एकही मूळ सस्तन प्राणी नव्हता, त्यामुळे तिथले अनेक पक्षी उडणे विसरून निर्धास्तपणे जमिनीवर वावरू लागले. सशांचा उपद्रव आवरण्यासाठी १८८० च्या दशकात स्टोट हा मुंगसाहून लहान मांसभक्षक प्राणी मुद्दाम आणून सोडण्यात आला आणि त्याने किवीच्या पिल्लांचा फडशा पाडायला सुरुवात केली. शिकाऱ्या प्राण्यांवर नियंत्रण नसलेल्या जंगलात आजही शंभरातली जेमतेम पाच पिल्ले मोठी होतात. राकिउरावर मात्र स्टोट कधी पोहोचलाच नाही. म्हणून तिथला टोकोएका जातीचा किवी टिकून आहे आणि क्वचित दिवसाउजेडीही बाहेर पडतो.

ओबान या बेटावरच्या गावातला मुक्काम सुखाचा झाला. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. तक्रार सुरू होते ती बोटीपासून. पॅटरसन खाडी ओलांडून फ्रेशवॉटर नदीत शिरणारी वॉटर टॅक्सी भरतीच्या वेळीच वर जाऊ शकते, त्यामुळे सुटण्याची वेळ प्रवासी नव्हे, तर समुद्र ठरवतो. आम्हाला फोनवर माणशी दर सांगितला गेला. धक्क्यावर पोहोचल्यानंतर, ठरावीक संख्येइतके प्रवासी नसतील तर रिकाम्या जागांचेही पैसे भरावे लागतील, असे ऐकवण्यात आले. भरती उलटायला लागलेली, हवामानाचा भरवसा नाही आणि दुसरी बोट नाही, अशा वेळी माणूस निमूट पैसे काढतो, हे त्या चालकाला पुरते ठाऊक असावे. म्हणून बोट ठरवतानाच किमान भाडे, परतीची वेळ आणि हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, या तिन्ही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. तोंडी उत्तराला काडीची किंमत नाही.

फ्रेशवॉटरच्या धक्क्यापासून मेसन बेच्या झोपडीपर्यंत, म्हणजे ट्रेकर्सच्या मुक्कामाच्या जागेपर्यंत, सुमारे साडेपंधरा किलोमीटर अंतर आहे आणि त्यासाठी तीन ते चार तास सांगितले जातात. सुरुवातीला फळ्यांची वाट येते, तेव्हा हे गणित पटते. मग फळ्या संपतात आणि मॅनुकाच्या झुडपांमधून 'चॉकलेट स्वॅम्प' सुरू होतो. त्या गोड नावावर जाऊ नये. आदल्या रात्रीच्या पावसाने वाटेचा ओढा झाला होता, तपकिरी पाण्याखाली जमीन कुठे आहे हे काठी खुपसल्याशिवाय कळत नव्हते आणि एका ठिकाणी पाय गुडघ्याच्या वरपर्यंत गेला, तो बाहेर आला तेव्हा बूट आत राहण्याच्या बेतात होता. सह्याद्रीतला पावसाळी चिखल निसरडा असतो. हा चिखल ओढून धरतो आणि प्रत्येक पावलाची वसुली करतो. कडेकडेने जाण्याचा मोह टाळावा. तिथली झुडपे अंगावर ओरखडे काढतात, वाट आणखी रुंद होते आणि भिजायचे ते टळतच नाही. सरळ मधून चालावे, बुटाच्या नाड्या घट्ट आवळाव्यात, दोन ट्रेकिंग पोल घ्यावेत आणि झोपेची पिशवी दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधावी. आम्ही झोपडीत पोहोचलो तेव्हा उजेड सरत आला होता. मुसळधार पावसानंतर लगेच ही वाट धरू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ओबानमध्ये एक दिवस जास्त काढलेला परवडला.

आता ज्यासाठी गेलो ते. अंधार पडल्यावर झोपडीपासून थोड्या अंतरावर गवतातून कोणी तरी शिंकल्यासारखा आवाज आला. किवीच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाशी असतात, माती हुंगताना त्यात कचरा जातो आणि तो फुरफुरून बाहेर काढावा लागतो. पाठोपाठ पिसांपेक्षा ओल्या केसांसारखे दिसणारे तपकिरी अंग दिसले. काठी टेकत चालणाऱ्या आजोबांसारखा तो चोच टेकत, थांबत, पुन्हा टेकत आला आणि आमच्या बुटांपासून हातभर अंतरावरून निघून गेला. चिखल, भाडे, ओले मोजे, सगळे क्षणात माफ झाले. म्हणून या परिच्छेदातला उत्साह वाचकांनी थोडा कमी करून घ्यावा. हेडटॉर्चवर लाल प्रकाशच ठेवावा, फ्लॅश वापरू नये, त्याच्या मागे जाऊ नये, आहे तिथे स्थिर उभे राहावे. किवी हमखास दिसेल असे जाहिरातीत लिहिलेले असते, पण शेजारच्या खाटांवरची मंडळी रात्रभर फिरून हात हलवत परतली.

स्टोट नाही म्हणजे बेट सुरक्षित आहे, असा समज तिथे गेल्यावर टिकत नाही. रानटी मांजरे, तीन जातींचे उंदीर, पॉसम हा झाडावर चढणारा प्राणी आणि काटेरी हेजहॉग तिथे आहेतच. १९७७ मध्ये याच बेटाच्या दक्षिण भागात काकापो या न उडणाऱ्या पोपटाची शेवटची मोठी वस्ती सापडली. मांजरे ती संपवत आहेत हे लक्षात आल्यावर उरलेले पक्षी व्हेनुआ हौसारख्या, मांजरे नसलेल्या बेटांवर हलवावे लागले. १९९५ साली ते ५१ होते, आता अडीचशेच्या आसपास आहेत. व्हेनुआ हौवर पर्यटकांना उतरता येत नाही, त्यामुळे तिथे नेऊन काकापो दाखवतो असे कोणी म्हणाले तर त्याला पैसे देऊ नयेत. बेटाच्या उघड्या माथ्यांवर घरटी करणारा पुकुनुई हा चिखल्याच्या कुळातला पक्षी १९९२ मध्ये जेमतेम ६२ उरला होता. मांजरांवर नियंत्रण सुरू केल्यावर तो वाढला आणि नंतर पुन्हा घसरला.

म्हणून न्यूझीलंडच्या रानांत वाटेच्या कडेला लाकडी खोकी दिसतात. आत स्टीलचा सापळा आणि आमिष असते. त्यांना हात लावू नये, कुतूहलानेही नाही. काही भागांत हेलिकॉप्टरने १०८० हे विष मिसळलेल्या हिरव्या गोळ्या टाकतात आणि तशा पाट्या लावतात. पक्षी वाचवण्यासाठी एवढी हत्या आपल्याकडच्या अनेकांना खटकेल, आणि तिथेही तिला कडवा विरोध आहे. पण दुसरा मार्ग पिल्ले मरताना पाहत राहण्याचा आहे, त्यामुळे मी सापळ्यांच्या बाजूचा. राष्ट्रीय उद्यानात कुत्र्यांना बंदी आहे आणि तीही योग्यच. १९८७ मध्ये उत्तरेतल्या वैतांगीच्या जंगलात एका मोकाट कुत्र्याने सुमारे पाचशे किवी मारल्याचा अंदाज आहे. किवीच्या छातीचे हाड इतके दुबळे असते की कुत्र्याने खेळकरपणे तोंडात धरले तरी तो मरतो.

वेळ कमी असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर मेसन बे सोडून द्यावे आणि ओबानजवळच्या उल्वा बेटावर जावे. २६७ हेक्टरचे हे बेट १९९७ मध्ये उंदीरमुक्त झाले, तरी पोहत आलेले उंदीर त्यानंतरही तिथे सापडले आहेत. त्यामुळे बोटीत बसण्यापूर्वी सॅकचा प्रत्येक कप्पा उघडून पाहावा आणि बुटांच्या तळव्यांतली बी-माती काढावी. तिथे वाटेवरचा पालापाचोळा पायाने जरा उकरला की रॉबिन हा छोटा पक्षी किडे टिपायला थेट बुटापाशी येतो.

मेसन बेला जाणाऱ्यांनी एका जादा दिवसाचे अन्न बरोबर ठेवावे. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उतरणारे छोटे विमान हा चिखल टाळण्याचा महागडा मार्ग आहे. त्यातून गॅसचे सिलिंडर नेऊ देत नाहीत, तेव्हा विमानाने जाऊन चालत परतणार असाल तर न शिजवता खाता येईल असेच सामान घ्यावे.