सरासरीत हरवलेला कोन

जीआरबी 160821ए हा गॅमा किरण स्फोट (दूरच्या अवकाशातून येणारा गॅमा किरणांचा अल्पकाळाचा प्रखर झोत) ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल उपग्रहाने 21 ऑगस्ट 2016 रोजी टिपला आणि त्यावरचा शोधनिबंध 2019 मध्ये आला. डेटा सगळ्यांसाठी खुला आहे, म्हणून तेच विश्लेषण मी स्वतः करायला घेतलं. तोवर माझा सगळा वेळ वर्णपटांत गेला होता. एकाच वर्णपटावर सिंक्रोट्रॉनचं (चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या किरणांचं) मॉडेलही बसतं आणि झोताच्या प्रकाशगोलातून, म्हणजे जिथून प्रकाश मोकळा होतो त्या थरातून, सुटणाऱ्या औष्णिक किरणांचंही, मग निवाडा कसा करायचा? ध्रुवीकरण, म्हणजे किरणांची कंपनं कितपत एकाच दिशेत आहेत हे, तिथे कामाला येतं.

ॲस्ट्रोसॅटवरच्या सीझेडटीआय या किरण टिपणाऱ्या उपकरणात 16,384 पिक्सेल आहेत. फोटॉन एका पिक्सेलवर आदळून शेजारच्यात उडाला, की दोन्हींत एकाच वेळी नोंद होते. ध्रुवीकरणाच्या दिशेला काटकोनात फोटॉन जास्त उडतात, त्यामुळे कोणत्या शेजाऱ्याकडे किती गेले यावरून कोन काढता येतो. उपग्रहाच्या सांगाड्यात विखुरलेल्यांचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो. त्यात फार वेळ जातो.

मुख्य उत्सर्जन सुरुवातीनंतर साधारण 115 ते 155 सेकंदांत आहे. ते अख्खं घेतलं तर ध्रुवीकरण क्षीण दिसत होतं. त्या दुपारी मी त्याचे तीन तुकडे केले. प्रत्येक तुकडा ठळकपणे ध्रुवीकृत निघाला, आणि कोन पहिल्यातून दुसऱ्यात सुमारे 80 अंशांनी वळून तिसऱ्यात जवळजवळ परत फिरला होता! काटकोनातल्या दिशा एकमेकींना खोडत होत्या, म्हणून सरासरी फिकी पडत होती.

निबंधात हे वाचलेलंच होतं, तरी स्वतःच्या आलेखावर बघून मी खुर्चीतून उठले. मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, “पार्श्वभूमी, म्हणजे स्फोट नसतानाची नोंद, आधी उपग्रहाच्या शेजारच्या फेरीतली घेऊन बघ.” तसं केलं. आकडे थोडे हलले, कोनाचं वळण राहिलं.

एवढं ध्रुवीकरण गुंतागुंतीच्या चुंबकीय क्षेत्रातून मिळणं अवघड आहे. शिस्तीत मांडलेल्या क्षेत्राभोवती फिरणारे इलेक्ट्रॉन ते देऊ शकतात, म्हणून माझा कल सिंक्रोट्रॉनकडे आहे. पण कोन का वळतो, हे तेवढ्याने सुटत नाही. पोलार या अवकाशातल्या दुसऱ्या ध्रुवीकरण-मापक उपकरणाने 2019 मध्ये पाच स्फोटांचं सरासरी ध्रुवीकरण कमी असल्याचं सांगितलं, आणि त्यातल्याही एका स्फोटात कोन बदलल्याची चिन्हं होती. आता प्रत्येक तेजस्वी स्फोट मी आधी तुकड्यांत बघते. फोटॉन कमी पडतात, त्रुटी वाढतात, तरीही.