तुम्ही विचारलंत म्हणून : विषम जोड

लग्नात, जत्रेत, एकदा तर दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना, मला एकच प्रश्न दोन तुकड्यांत विचारला गेलाय. पहिला तुकडा असा, की तालमीच्या घरातला माणूस तू, ती अमेरिकेतली नुरा कुस्ती कशी काय बघतोस? त्याचं उत्तर द्यायला तोंड उघडावं तोच दुसरा येतो. बरं, बघतोस ना, मग त्यातली सगळ्यात चांगली कुठली?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. 15 फेब्रुवारी 2004. सॅन फ्रान्सिस्कोला खेटून असलेल्या डेली सिटीतलं काऊ पॅलेस हे बंदिस्त मैदान. ब्रॉक लेस्नर विरुद्ध एडी गरेरो, डब्ल्यूडब्ल्यूईच्या, म्हणजे ही नुरा कुस्ती भरवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या अजिंक्यपदासाठी. टेन स्पोर्ट्सवर मी ती पहिल्यांदा पाहिली. त्यानंतर किती वेळा पाहिली ते मोजलेलं नाही.

माझे वडील आणि चुलते दोघंही तालमीत वाढले. आमच्याकडच्या जत्रेच्या मैदानात रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते. हलगी कडाडत असते. एखादा पोरगा लाल मातीत येऊन हात वर करून फिरतो, दुसरा समोर येतो. पंच दोघांना शेजारी उभं करून उंची बघतात, दंड बघतात. एक जण थोडा जरी थोराड दिसला की कडेनं आरडाओरडा सुरू होतो, ‘जोड न्हाई, जोड न्हाई!’ आणि ती कुस्ती लागत नाही. बरोबरच आहे ते. खऱ्या मैदानात विषम जोड लावणं म्हणजे लहान्याच्या मानेशी खेळ. आणि समजा लावलीच, तर बघण्यासारखं काही उरत नाही. दोन मिनिटांत लहान्याची पाठ मातीला लागते आणि लोक पुढच्या कुस्तीकडे वळतात.

म्हणजे जी कुस्ती आमचा पंच लावूच शकत नाही, नेमकी तीच ही अमेरिकेतली मंडळी लावतात. निकाल आधी ठरलेला असतो, म्हणूनच ती लावता येते. नुरा म्हणून लोक ज्याला नाकं मुरडतात, त्याच गोष्टीमुळे हे दार उघडतं.

पण दार उघडलं म्हणजे आत काही सापडतंच असं नाही. विषम जोडीच्या शेकडो मॅचेस होतात, त्यातल्या बहुतेक विसरण्यासारख्या असतात. त्यांचं बिघडतं ते दोनच तऱ्हांनी. एक तर मोठा लहान्याला चिरडतो आणि काम संपतं. नाहीतर लहान्याच्या अंगात अचानक वारं शिरतं, तो मोठ्याला बरोबरीच्या गड्यासारखा हाणायला लागतो, आणि मोठा काही कारण नसताना दुबळा होतो. हे दुसरं मला जास्त खुपतं. त्यात सुरुवातीला आपल्याला जे दाखवलं, तेच शेवटी खोटं पाडलेलं असतं.

आमच्या पिढीला या आकड्यांची सवय पत्त्यांनी लावली. डब्ल्यूडब्ल्यूएफची (डब्ल्यूडब्ल्यूईचंच हे जुनं नाव) ट्रम्प कार्डं आठवतात? प्रत्येक पत्त्यावर फोटो आणि खाली रकाने : रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती लढती, किती विजय. समोरच्याच्या हातातला पत्ता आपल्याला दिसत नाही. आपण म्हणायचं, ‘वजन!’ आणि ज्याचा आकडा मोठा त्याला दोन्ही पत्ते. हातात योकोझुना आला की वजनाचा रकाना आपलाच. त्या खेळात 220 पौंडांचा गडी 295 पौंडांच्या गड्याला कधीही हरवू शकत नाही. शंभर वेळा खेळा, शंभर वेळा तेच.

एडी 220, ब्रॉक 295. डब्ल्यूडब्ल्यूई सांगायची ते आकडे हे. किलोत धरलं तर तीसेकांचा फरक. उंची 5 फूट 8 इंच विरुद्ध 6 फूट 3 इंच. आणि ब्रॉक नुसता मांसाचा ढिगारा नव्हता. तो खरा मल्ल होता. मिनेसोटा विद्यापीठाकडून 2000 साली त्यानं अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचं हेवीवेट विजेतेपद मिळवलं होतं. 2002 मध्ये 25व्या वर्षी द रॉकला पाडून तो डब्ल्यूडब्ल्यूईचा तोवरचा सगळ्यात तरुण चॅम्पियन झाला. चपळाई हे लहान्याचं एकमेव भांडवल असतं, आणि ती ब्रॉककडेही होती. मग एडीकडे राहिलं काय?

एडीकडे घराणं होतं. वडील गोरी गरेरो लुचा लिब्रेचे, म्हणजे मेक्सिकोतल्या अशाच कुस्तीचे मोठे मल्ल, मोठे भाऊही याच धंद्यात. टेक्सासमधल्या एल पासोत त्यांच्या घराच्या मागल्या अंगणात चक्क रिंग होती. हे वाचलं तेव्हा मला हा माणूस एकदम ओळखीचा वाटला. परड्यात आखाडा असलेली घरं मी पाहिलीत. अशा घरातल्या धाकट्याच्या वाट्याला काय येतं, तेही पाहिलंय.

आणि एडीच्या मागे त्याची पडझड होती. दारू आणि गोळ्यांच्या व्यसनापायी 2001 च्या शेवटी त्याची नोकरी गेली. 2002 मध्ये तो व्यसन सोडून परत आला आणि पुन्हा पायरी पायरीनं चढत गेला. जानेवारी 2004 मध्ये स्मॅकडाउन या डब्ल्यूडब्ल्यूईच्या साप्ताहिक कार्यक्रमात 15 जणांचा रॉयल रंबल, म्हणजे शेवटी रिंगमध्ये उरेल तो जिंकतो अशी झुंड-लढत, जिंकून त्यानं ही मॅच मिळवली. हे सगळं काऊ पॅलेसमधल्या लोकांना ठाऊक होतं. त्यात मेक्सिकन वंशाचे कितीतरी होते, आणि त्यांच्यासाठी एडी हा रिंगमधला कुणी गडी नव्हता, घरचा मुलगा होता.

मॅच जवळपास 30 मिनिटं चालते. पहिला मोठा भाग ब्रॉकचाच. तो एडीला उचलतो, फेकतो, कंबरेला विळखा घालून दाबत ठेवतो. यात घाई नाही. कंटाळा येईल इतकं ते सावकाश आहे, आणि मला त्याची किंमत फार उशिरा कळली. हा वजनाचा रकाना वाचून दाखवणं चाललंय. प्रत्येक वेळी एडी उठतो, काहीतरी करतो, आणि ब्रॉक ते एका हातानं पुसून टाकतो. तुमच्या मनात पक्कं बसतं, की जोर लावून हा गडी हलणार नाही.

मग ब्रॉकचा एक वार हुकतो, गुडघा दुखावतो, आणि एडी त्या पायावर तुटून पडतो. तालमीतल्या वस्तादानं डोळे मिटून ‘बरोबर!’ म्हणावं असं ते काम आहे. भारी गड्याचा डोलारा पायावर उभा असतो, तेव्हा खांबालाच हात घालायचा. लाथा, पायाला पीळ घालणाऱ्या पकडी, पुन्हा लाथा. एडी इथे मोठा झालेला नाही. तो अजून 220 पौंडांचाच आहे. त्यानं फक्त 295 पौंड ज्याच्यावर तोलले गेलेत ती जागा शोधली.

आता इथे मला जे सांगायचंय ते सांगतो, कारण लोक माझ्याशी यावरूनच वाद घालतात. ही मॅच एडीची म्हणून ओळखली जाते. माझ्या मते ती ब्रॉकची आहे. विषम जोडीत खरी कामगिरी मोठ्या गड्याची असते. या धंद्यात ‘सेल करणं’ म्हणतात, म्हणजे लागलेला मार बघणाऱ्याच्या अंगात उतरवणं. ब्रॉक गुडघा सेल करतो तेव्हा लोळण घेत नाही, ओरडून आकांत मांडत नाही. तो चिडतो. त्या पायावर भार टाकताना क्षणभर थांबतो. एडीला उचलतो खरा, पण उचलण्याच्या आधी एक श्वास जास्त घेतो. तो अजूनही जिंकू शकतो, हे त्यानं शेवटच्या मिनिटापर्यंत जिवंत ठेवलं. मोठ्यानं स्वतःला लहान न करता लहान्यासाठी जागा करणं यापेक्षा अवघड काम मला या खेळात माहीत नाही. त्यासाठी ताकद असावी लागते, तशीच ती वेळेवर आवरून धरायची अक्कलही लागते. आणि पाठीवर पडणं खरं असतं. त्या पातळ गादीखाली लाकडी फळ्या आणि लोखंड असतं. 130 किलोंचा माणूस त्यावर पडतो तेव्हा त्याचं वजन त्यालाच लागतं.

आपल्याकडचे शाहीर हे पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा ऐकताना शेवट कुणाला ठाऊक नसतो? तरी शाहीर खानाला लहान करत नाही. त्याचा देह, त्याची फौज, त्याचा दरारा, महाराजांची मान काखेत दाबणारी ती मिठी, सगळं डफाच्या थापेवर चढवत नेतो. खान जितका उंच उभा राहील तितका ऐकणाऱ्याचा जीव वर येतो. ठरलेलं असूनही पुढे काय होईल या धास्तीनं माणूस पुढे सरकतो. ‘ठरलेलं असतं, मग बघायचं काय’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की पोवाडा दुसऱ्यांदा ऐकताना तुम्ही उठून जाता का?

शेवटाकडे येतो. ब्रॉक त्याचा एफ-फाइव्ह डाव टाकतो. या डावाचं नाव वादळाची तीव्रता मोजायच्या मापावरून घेतलेलं आहे, सगळ्यात वरच्या पायरीवरून. एडीला आडवा खांद्यावर घेऊन तो गरकन फिरवतो आणि एडीचे पाय लागून पंच कोसळतो. पाठ टेकवलेल्या गड्यावर पंचानं तीन मोजले की निकाल, आणि आता मोजायला कुणी नाही. ब्रॉक अजिंक्यपदाचा पट्टा घेऊन येतो, आणि त्याच्याशी वैर असलेला गोल्डबर्ग हा दुसरा पैलवान रिंगमध्ये शिरून त्याला स्पिअर मारतो, म्हणजे धावत येऊन खांद्यानं पोटात धडक देतो. एडी सरपटत जाऊन ब्रॉकवर हात टाकतो. पंच मोजतो, एक, दोन, आणि ब्रॉकचा खांदा उठतो.

गोल्डबर्गमुळे मॅचला बट्टा लागला असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. एकेकाळी मलाही तसंच वाटायचं. पण तो दोनवर उठलेला खांदा बघा. तिथे तीन मोजले असते तर ती गोल्डबर्गची मॅच झाली असती, एडी निमित्तमात्र. उपरा येऊन मारून गेला तरी हा पहाड पडलेला नाही. आता जे करायचं ते एडीलाच करायचंय.

ब्रॉक पुन्हा त्याला एफ-फाइव्हसाठी खांद्यावर घेतो. एडी वरच्या वर निसटून त्याची मान धरतो आणि डीडीटी मारतो, म्हणजे मान बगलेत धरून स्वतः मागे पडत त्याचं डोकं खाली आपटतो, थेट पडलेल्या पट्ट्यावर. ‘खोटं बोलू, फसवू, चोरू’ हे ज्याचं जाहीर ब्रीद, त्यानं राजाला त्याच्याच मुकुटावर आपटलं. मग दोरखंडावर चढून फ्रॉग स्प्लॅश, म्हणजे बेडकासारखी उडी घेऊन पडलेल्या गड्यावर पोटावर झेपावणं. हा डाव एडीचा जोडीदार आर्ट बारचा. 1994 मध्ये आर्ट बार गेला, त्यानंतर त्याच्या आठवणीत एडीनं तो आपला केला. एक, दोन, तीन. एडी पट्टा घेऊन थेट लोकांत उडी घेतो, आणि मग कोण प्रेक्षक आणि कोण पैलवान हे ओळखू येत नाही.

यात एकही गोष्ट अशी नाही जी दुसऱ्या कुणाला जमली असती. चलाखी त्याची, डाव मित्राचा, उडी घराण्याची. म्हणून पटतं. लहान्याचा विजय लहान्याच्याच झोळीतून निघावा लागतो.

हे फक्त याच जोडीचं नाही. 29 मार्च 1987 ला मिशिगनमधल्या पॉन्टियाक सिल्व्हरडोममध्ये हल्क होगन आणि आंद्रे द जायंट लढले. 93,173 माणसं आली होती असं जाहीर केलं गेलं, त्या आकड्यावर अजून वाद आहे. डावांच्या दृष्टीनं ती मॅच जेमतेमच. आंद्रेच्या पाठीचं तोवर वाटोळं झालेलं होतं, त्याला धड चालता येत नव्हतं. पण सुरुवातीलाच होगन त्याला उचलायला जातो आणि त्याच्याखालीच दबतो. शेवटी तोच डाव पुन्हा घेतो आणि या वेळी आंद्रे हवेत जातो. मधलं सगळं विसरलं तरी चालेल, इतकी ती दोन टोकं घट्ट बांधलेली आहेत. लोक म्हणतात होगननं आंद्रेला उचललं. मी म्हणतो, दुखऱ्या पाठीचा एक थोर माणूस त्या रात्री पडायला तयार झाला. आपल्याकडे दारासिंग आणि 200 किलोंच्या आसपासचा किंग काँग नावाचा पैलवान यांची जोड बघायला जी गर्दी लोटायची, तीही काही तुल्यबळ लढत बघायला येत नव्हती.

आणि हाच ब्रॉक, दहा वर्षांनी, 2014 च्या समरस्लॅम या डब्ल्यूडब्ल्यूईच्या वार्षिक मैदानात जॉन सीनाला 16 जर्मन सुप्लेक्स मारतो, म्हणजे मागून कंबरेला विळखा घालून 16 वेळा डोक्यावरून मागे फेकतो. ती मॅच मी थक्क होऊन पाहिली. पुन्हा लावावीशी मात्र वाटली नाही.

एडीचा पट्टा जूनपर्यंतच टिकला. ब्रॉक तर त्या मॅचनंतर महिन्याभरातच कंपनी सोडून अमेरिकन फुटबॉलकडे गेला. 13 नोव्हेंबर 2005 ला मिनियापोलिसमधल्या हॉटेलच्या खोलीत एडी मृतावस्थेत सापडला, वय 38. त्यानंतर बरेच दिवस मला ही मॅच लावता आली नाही. नंतर लावली तेव्हा माझी नजर आपोआप दुसऱ्या गड्याकडे जायला लागली. ब्रॉक कसा उभा राहतो, कसा वाट बघतो, कसा देतो, हे तेव्हाच पहिल्यांदा दिसलं.

तर तुम्ही बघणार असाल, आणि बघाच, तर पहिल्यांदा एडीला बघा. सगळे तसंच बघतात, आणि तसंच बघावं. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा मात्र तो वार हुकल्यापासून शेवटपर्यंत ब्रॉकच्या पायावरून नजर काढू नका.